प्रवचनकाराची शिदोरी

रविवारच्या मिस्सेत शुभवर्तमानाचे वाचन संपते, भाविक आसनस्थ होतात आणि पुढची काही मिनिटे धर्मगुरूच्या स्वाधीन करतात. त्या मिनिटांसाठी तो कोणती शिदोरी घेऊन उभा राहतो, ती त्याने कोठून आणली आणि त्यातले त्याचे स्वतःचे किती, हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो सुमारे सोळाशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत पुढे आलेला आहे. अलीकडे संगणकाने आणि खिशातल्या दूरध्वनीने त्याला नवी धार आणली. धुळ्यासारख्या ठिकाणी सेवा करणाऱ्या धर्मगुरूलाही आता एका बोटाच्या स्पर्शाने पवित्र धर्मपितरांचे ग्रंथ, व्हॅटिकनची परिपत्रके आणि येत्या रविवारचे तयार प्रवचन मिळू शकते. या सुबत्तेचे स्वागत कसे करावे आणि तिच्याकडून काय मागू नये, हे ठरविण्यापूर्वी मागे वळून पाहणे हितावह ठरेल, अशी आमची नम्र धारणा आहे.

संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथाचा चौथा भाग इ. स. ४२६ च्या सुमारास पूर्ण केला. हा भाग प्रवचनकलेला वाहिलेला आहे. त्याच्या अखेरीस ते एक व्यावहारिक प्रश्न हाती घेतात. ज्याला बोलता चांगले येते परंतु स्वतः रचना करता येत नाही, अशा सेवकाने दुसऱ्याने लिहिलेले प्रवचन पाठ करून लोकांना ऐकवावे काय? ऑगस्टीन यांचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला ते एक कसोटी जोडतात. जो देवाच्या शब्दाप्रमाणे वागतो त्याला तो शब्द परका नसतो. जो उत्तम बोलतो पण वाईट जगतो, त्याच्या तोंडी मात्र तोच शब्द चोरीचा ठरतो. म्हणजे उसनवारीचा दोष कागदावर न ठेवता त्यांनी तो आचरणावर ठेवला. वक्तृत्वाचा एक माजी प्राध्यापक ही मोकळीक देतो, याचे मोल विशेष आहे.

पुढच्या शतकात आर्ल येथील महागुरुस्वामी संत सिझेरिअस यांनी या विचाराला संस्थेचे रूप दिले. इ. स. ५०२ ते ५४२ या काळात ते त्या पीठावर होते. आपली आणि आपल्या पूर्वसूरींची प्रवचने नकलून घेऊन ती दूरदूरच्या धर्मगुरूंकडे पाठविण्याचा त्यांचा परिपाठ होता. इ. स. ५२९ च्या व्हेझों येथील परिषदेने, त्यांच्याच पुढाकाराने, खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंनाही प्रवचनाचा अधिकार दिला. तोवर तो मुख्यतः महागुरुस्वामींचा मानला जाई. धर्मगुरू आजारी असल्यास उपधर्मगुरूने धर्मपितरांची प्रवचने वाचून दाखवावीत, अशीही तरतूद त्या परिषदेने केली. आठव्या शतकाच्या अखेरीस सम्राट शार्लमेन यांच्या सांगण्यावरून पॉल द डीकन यांनी वर्षभराच्या सणवारांसाठी धर्मपितरांच्या प्रवचनांचा संग्रह सिद्ध केला. आजच्या इंटरनेटवरील प्रवचनसंग्रहांचे हे पूर्वज होत.

परंतु इतिहास येथे थांबला असता तर आमच्या खानदेशाला त्यातून फारसे शिकण्यासारखे उरले नसते. संग्रह लॅटिन भाषेत होते आणि लोकांची भाषा तोवर लॅटिनपासून दूर गेली होती. म्हणून इ. स. ८१३ मध्ये तूर येथील परिषदेने महागुरुस्वामींना आदेश दिला की, ही प्रवचने ग्रामीण रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत अशा रीतीने उतरवावीत की सर्वांना सांगितलेले सहज उमगावे. भाषाशास्त्राचे अभ्यासक या आदेशाला फ्रेंच भाषेच्या जन्माची पहिली नोंद मानतात. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भांडार समृद्ध झाले की लगेच दुसरे काम उभे राहते, ते म्हणजे भांडारातले धान्य त्या त्या घरच्या जात्यावर दळण्याचे.

ट्रेंट येथील विश्वपरिषदेने (१५४५-१५६३) धर्मग्रामाच्या पाळकांवर रविवारी आणि सणांच्या दिवशी उपदेश करण्याचे बंधन घातले आणि त्यांच्या हाताशी असावी म्हणून १५६६ मध्ये रोमन धर्मशिक्षण-पुस्तिका प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी नव्हती. ती पाळकांसाठी होती. छापखान्यामुळे असे ग्रंथ जगभर पोहोचू लागले होते. गोव्यात १५५६ मध्येच छापखाना येऊन दाखल झाला होता. याच काळात, १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात, थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला आणि उरलेले आयुष्य त्याने प्रामुख्याने साष्टीच्या लोकांत घालविले.

फादर स्टीफन्स यांच्याजवळ युरोपातले सारे धर्मशास्त्र होते. तरी त्यांनी ते जसेच्या तसे लोकांपुढे ठेवले नाही. नवख्रिस्ती लोकांना पूर्वी पुराणश्रवणाची सवय होती. ती पुराणे सुटली आणि त्या जागी कानाला व मनाला रिझविणारे काही आले नाही, ही उणीव त्यांना जाणवली. त्यांनी मराठी ओवी स्वीकारली, वैकुंठासारखे लोकांच्या ओठांवरचे शब्द स्वीकारले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापावे लागले. चर्चमधून रविवारी व सणांच्या दिवशी त्याचे वाचन होत असे. वाचनाला जमलेल्या माणसांना आपण परक्या घरी आलो आहोत असे वाटले नसेल, हे त्या ओव्यांवरून सहज कळते.

या ग्रंथाची पुढची कथा मात्र प्रत्येक प्रवचनकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे. १६८४ च्या जून महिन्यात गोव्याच्या पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. लोकभाषेतील धर्मसाहित्याला उतरती कळा लागली. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. घराघरांतून हाताने केलेल्या नकलांनी ते तगले. त्या नकलांच्या आधारे जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची चौथी आवृत्ती काढली. १९२० च्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनच्या मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताचा शोध लागला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. अगदी अलीकडे, २००९ मध्ये, सलेशियन संघाचे फादर नेल्सन फलकाव यांनी मूळ ओव्यांसह आजच्या मराठीतील रूपांतर वाचकांच्या हाती दिले. छापलेले हरवले आणि लोकांनी जपलेले उरले, असा हा इतिहास आहे.

मराठी प्रवचनकाराची दुसरी शिदोरी आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या घरून आली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झाले. बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ही वारकऱ्यांची साधने ख्रिस्तचरणी वाहिली. त्यांच्या कुटुंबाचा स्नेह आमच्या खानदेशाच्या धरणगावातून आलेल्या बालकवी ठोमरे यांना लाभला होता, हेही येथे आठवते. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे या एकाच ध्यासाने. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापून झाले.

आता खानदेशाकडे वळू. येथील धर्मगुरूला एक गोष्ट क्वचितच ठाऊक असते की, प्रभू येशूचा उधळ्या पुत्राचा दृष्टान्त या प्रदेशातील बोलींमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापला गेला आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तीत प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून लूककृत शुभवर्तमानातील याच दृष्टान्ताचे भाषांतर करून घेतले होते. त्यात सर्वनामांचे तिन्ही पुरुष येतात, बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे निरनिराळे काळ येतात, हे त्यामागचे व्याकरणाचे कारण. भारतीय भावनांना धक्का लागू नये म्हणून मूळ कथेत किरकोळ शब्दबदलही केलेले होते. या पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. भिल्ल बोली आणि खानदेशी हा त्याचा विषय. अहिराणीबरोबरच मावची आणि पावरी यांचेही नमुने त्यात आहेत. अहिराणीला मराठीची बोली म्हणावे की गुजराती-भिल्लीच्या जवळ ठेवावे, हा वाद पंडितांनी खुशाल करावा. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की बापाने दुरून पाहिलेला तो मुलगा येथे एकदा ‘आंडोर’ होऊन घरी परतला होता.

आणखी एक उदाहरण धुळे शहरातलेच आहे आणि ते आपल्या धर्माबाहेरचे असले तरी प्रवचनकाराला ते टाळता येणार नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. श्रोते सहबंदी होते. त्यांत शिकलेले होते, तसे साधेसुधे कार्यकर्तेही होते. साने गुरुजी ती प्रवचने लिहून घेत. विनोबांचा अभ्यास अगाध होता, तथापि बोलताना त्यांनी पांडित्य बाजूला ठेवले आणि शेती, स्वयंपाकघर, आई व मूल यांच्यातून आशय उलगडला. पुढे हेच विनोबा ख्रिस्ती शिकवणुकीचे सारही संकलित करते झाले. त्या काळातच जळगावजवळ आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, जात्यावर आणि शेतात जीवनाचे गहन अर्थ सांगत होत्या. पेरणीचा दृष्टान्त समजावून सांगण्यासाठी खानदेशच्या प्रवचनकाराला याहून चांगले गुरू कोठे मिळणार?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान संमत केले. त्याने लोकभाषेला दार उघडले आणि पवित्र शास्त्राचे भांडार भाविकांसाठी अधिक सढळपणे खुले करण्यास सांगितले. प्रवचन हे उपासनेचेच अंग आहे, रविवारी व सक्तीच्या सणांच्या दिवशी ते गंभीर कारणाशिवाय गाळू नये, असेही त्यात स्पष्ट केले. १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात विभागली गेली. याचा अर्थ असा की, प्रवचनकारापुढे शास्त्रातील कितीतरी नवे उतारे आले आणि त्यांवर मराठीत भाष्ये मात्र मोजकी होती. आम्ही सेमिनरीत शिकलो ते बहुतांशी इंग्रजीतून. अशा वेळी वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने आणि पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने मोठी उणीव भरून काढली. फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु ख्रिस्ती विचार सकस मराठीत मांडता येतो, याची साक्ष ते मागे ठेवून गेले.

संगणकाचे युग आले ते या पार्श्वभूमीवर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ उघडले. २००२ च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी इंटरनेटला शुभवर्तमान-घोषणेचे नवे व्यासपीठ म्हटले. २०१० च्या संदेशात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी थेट धर्मगुरूंना उद्देशून लिहिले; नव्या साधनांत त्यांनी जरूर वावरावे, पण लोकांच्या ध्यानात त्यांचे यंत्रकौशल्य राहण्यापेक्षा त्यांचे पौरोहित्याचे हृदय राहावे, असा त्याचा आशय होता.

या भांडारात आपल्या उपयोगाचे काय आहे? व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर विश्वपरिषदेचे दस्तऐवज, धर्मशिक्षण-ग्रंथ आणि पोपमहाशयांची प्रवचने आहेत. ‘न्यू अ‍ॅडव्हेंट’ या स्थळावर धर्मपितरांचे लेखन, संत थॉमस अक्वायनस यांची धर्मज्ञानसंहिता आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा कॅथॉलिक विश्वकोश इंग्रजीत वाचता येतो. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शब्द शोधता येईल अशा रीतीने ठेवला आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये क्रिस्तपुराणाची १९०७ ची आवृत्ती पाहावयास मिळते. ज्या ग्रंथांसाठी पूर्वी मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, ते आता रात्रीच्या निवांत वेळी घरबसल्या उघडता येतात. ही ईश्वरी देणगी समजून तिचा उपयोग करावा.

उपयोग करताना थोडे तारतम्य हवे. दूरध्वनीवर मिळणारे मराठी बायबल बहुधा प्रॉटेस्टंट परंपरेचे, ६६ पुस्तकांचे असते. आपल्या ७३ पुस्तकांपैकी टोबित, ज्युडिथ, मक्काबी, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख त्यात सापडत नाहीत. स्तोत्रांचे क्रमांकही जुन्या लॅटिन परंपरेतील ग्रंथांत एकाने मागे असतात, त्यामुळे उतारा शोधताना घोटाळा होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या विश्वकोशातील सर्व मते आज जशीच्या तशी मांडता येत नाहीत. विश्वपरिषदेनंतर इतर धर्मांविषयीची आपली भाषा बदलली आहे आणि ती आपण आनंदाने स्वीकारली आहे. संतांच्या नावावर फिरणाऱ्या सुभाषितांपैकी कितीतरी त्या संतांच्या ग्रंथांत आढळत नाहीत. मूळ ग्रंथ आता हाताशी असल्याने पडताळून पाहण्याची जबाबदारीही वाढली आहे.

तयार प्रवचनांविषयी मात्र अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. ऑगस्टीन यांनी दिलेली मोकळीक आम्ही वर सांगितलीच. एकाच रविवारी तीन-चार केंद्रांवर मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूने दुसऱ्याच्या चिंतनाचा आधार घेतला तर त्याला दूषण देणे अन्यायाचे होईल. पण अमेरिकेतील उपनगरासाठी लिहिलेल्या प्रवचनात बर्फ असतो, बेसबॉल असतो, सुट्टीतील सहली असतात. ते वाचून दाखविले की साक्री किंवा शिरपूरच्या शेतमजुराला काय उमगणार? कापसाचा भाव पडल्यामुळे ज्याच्या घरी चूल कशी पेटेल याची चिंता आहे, ऊसतोडीसाठी जो कुटुंबासह सहा महिने परमुलखात जातो, त्याच्या मुलाचे शिक्षण ज्या वाटेवर तुटते, ती वाट कोणत्याही संकेतस्थळावर नोंदलेली नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या प्रबोधनपत्रात प्रवचनाच्या तयारीला अनेक परिच्छेद दिले. प्रवचनकाराने शब्दाचे मनन करावे तसेच आपल्या लोकांचेही करावे, असा त्यांचा आग्रह होता. जून २०२४ मध्ये त्यांनी प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये असेही बजावले. आठ मिनिटांत परक्याचे बर्फ वितळवायला वेळ कोठून आणावा?

२०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात दर शंभरांमागे सुमारे ३२ आणि नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश असलेला आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. येथील कितीतरी वृद्ध भाविकांना आम्ही प्रमाण मराठीतून उपदेश करतो तेव्हा ते आदराने ऐकतात. मिस्सा संपल्यावर अंगणात आपसांत बोलतात ते मावचीत, पावरीत, अहिराणीत. त्यांची दुःखे त्या भाषेत आहेत, त्यांच्या प्रार्थनाही त्याच भाषेत उमटतात. त्यांची नातवंडे शाळेतून वेगळीच भाषा घेऊन येतात. ही पिढी गेली की पश्चात्ताप, कृपा, क्षमा यांसाठी त्या बोलींत कोणते शब्द होते, हे विचारायला कोणी उरणार नाही. क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या नाहीशा झाल्या तरी नकला राहिल्या. या शब्दांच्या नकलाही वेळीच उतरवून घ्यायला हव्यात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी. येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचा उतारा शनिवारी दोन-चार वडीलधाऱ्या बायाबापड्यांना वाचून दाखवावा, तो त्यांच्या बोलीत सांगायला त्यांना विनवावे आणि त्यांचे शब्द वहीत टिपावेत. शक्य असेल तेथे त्यांचा आवाजही दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित करावा. तीन वर्षांत वाचनांचे चक्र पूर्ण होईल, तेव्हा त्या वहीत खानदेशाच्या बोलींत रविवारची सारी शुभवर्तमाने उभी असतील. १९०७ च्या पाहणीला एकच दृष्टान्त मिळाला होता. या कामाला मोठा निधी लागत नाही, परवानगीची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो शनिवारचा एक तास. रोमहून आणि शिकागोहून आपल्याला भरभरून मिळाले आहे. मावची, पावरी आणि अहिराणी बोलणाऱ्या आपल्या माणसांकडून जे मिळावयाचे आहे, ते आपणच जाऊन मागितले पाहिजे, आणि ते लवकर मागितले पाहिजे.